शनिवार, रविवार आणि आपले ताट
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या मंडळात मी आजवर सतरंज्या घातल्या, चहा केला, नाताळच्या करंज्या तळल्या, गायनात मागच्या रांगेत उभी राहिले. पण उभे राहून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वानांसारखे बोलणे माझ्याकडून व्हायचे नाही. परंतु गेल्या सभेत वर्धापनदिनाच्या जेवणावरून जो वाद झाला, त्यात मी गप्प बसले आणि घरी गेल्यावर मला स्वतःची लाज वाटली. म्हणून अध्यक्षबाईंकडून आजची वेळ मी मागून घेतली.

वाद कशाचा होता ते आपणा सर्वांना ठाऊकच आहे. आपल्या मंडळात निरनिराळ्या मंडळ्यांतल्या बहिणी आहेत. त्यांपैकी काही शनिवार पाळतात. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी सूर्य मावळला की संपतो. त्या डुकराचे मांस, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या यांना शिवत नाहीत. आपला वर्धापनदिन मात्र पहिल्यापासून शनिवारी दुपारी होतो आणि पंगतीत कोळंबीभात असतो. एक बहीण म्हणाली, "त्यांना यायचे नसेल तर राहू दे, आपण का बदलायचे?" दुसरी म्हणाली, "येशूने आपल्याला यातून मोकळे केले, मग ह्या मोशेचे जोखड कशाला घेतात?" आणि ज्यांच्याविषयी हे चालले होते त्या बहिणी खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांतली एक माझी धाकटी जाऊ.

आता घरचे सांगते. ते सांगायला तिने मला परवानगी दिली आहे.

धाकटी लग्न होऊन आमच्याकडे आली तो महिना नोव्हेंबरचा. पहिलाच नाताळ आला. आमच्या सासूबाईंच्या काळापासून नाताळच्या दिवशी घरात कोळंबीची आमटी आणि शेजारच्या गोवेकर कुटुंबाकडून आलेले सोरपोतेल असा बेत असतो. मी सर्वांची ताटे वाढली. धाकटीने वरणभात तेवढा घेतला आणि बाकीचे हळूच बाजूला सारले. मी विचारले, "का गं, आवडत नाही?" ती म्हणाली, "ताई, आम्ही नाही खात. लेवीयच्या अकराव्या अध्यायात सांगितलंय ना?" तिने हे सरळपणे सांगितले. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सर्वांदेखत म्हणाले, "म्हणजे आमच्या ताटाचा तुला विटाळ होतो म्हण की!"

भगिनींनो, तो शब्द माझ्या तोंडातून कुठून आला हे मला नंतर कळले. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. ती सांगायची, की लहानपणी पाणवठ्यावर तिला भांडे लावू देत नसत. कोणी दया येऊन वरून ओतले तर ती ओंजळीने पाणी प्यायची. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या आज्या-पणज्यांची हीच कथा आहे. ज्यांच्या हातचे कोणी खात नव्हते, ज्यांच्या सावलीचाही विटाळ होता, ते लोक प्रभूच्या पंगतीत येऊन बसले. म्हणून कोणी आपले वाढलेले ताट सारले, की आपल्या मनातली ती जुनी जखम ठसठसते. समोरच्या माणसाच्या मनात तसे काही नसले तरी ठसठसते.

पुणे शहराला तर ही गोष्ट नवी नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मोठी मंडळी तिथे होती. सभेनंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हाताळली. पुढे 'पुणे वैभव' पत्रात हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसाला १८९२ साली प्रायश्चित्त घ्यावे लागले. कशासाठी? ख्रिस्ती माणसांकडच्या एका पेला चहासाठी! ज्या गावात आपला चहा पिणे हे पाप ठरले होते, त्या गावात आपणच एकमेकींच्या ताटावरून भांडावे, हे शोभत नाही.

त्या नाताळनंतर आमच्या घरात दोन चुली झाल्या. एकाच छपराखाली, मधे एक भिंत, पण वर्षभर मी तिच्याकडचे खाल्ले नाही आणि तिने माझ्याकडचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, माझ्या डोळ्यांदेखत तरी एका पंगतीला बसा." आम्ही दोघी ऐकत नव्हतो. मला वाटे मी मोकळी आहे, ती बांधलेली आहे. तिला वाटे ती आज्ञा पाळते, मी मोडते.

एकदा तिने मला विचारले, "ताई, तुम्ही दहा आज्ञांतल्या नऊ मानता. खून करू नको म्हणता, चोरी करू नको म्हणता. मग शब्बाथाची एक आज्ञा तेवढी का सोडता?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी पवित्र शास्त्र नीट वाचायला घेतले. आधी तिला हरवायला वाचत होते, हे कबूल करते. पाळकसाहेबांनाही पुष्कळ विचारले. त्यातून मला जे उमगले ते सांगते.

पहिली गोष्ट, हे नियम उगाच कोणाच्या डोक्यातून निघालेले नाहीत. लेवीयच्या अकराव्या अध्यायात आणि अनुवादाच्या चौदाव्यात ते स्पष्ट लिहिले आहेत. ज्याचे खूर दुभागलेले आहेत आणि जे रवंथ करते ते जनावर खावे. पाण्यातले ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तेच खावे. म्हणून बकरा चालतो, डुक्कर नाही. पापलेट चालते, कोळंबी नाही. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात शब्बाथ, वल्हांडण, पन्नासावा दिवस, मंडपांचा सण हे सारे सण सांगितले आहेत. आणि आपल्या प्रभूने स्वतः हे सण पाळले. वल्हांडणाच्या दिवसांतच त्याने शेवटचे भोजन केले, हे विसरून चालायचे नाही.

हे नियम पाळणारे लोक आपल्याला परके नाहीत. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत राहिले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. बिनखवल्याचा मासा ते खात नसत. जवळ शास्त्राचे ग्रंथ नव्हते, तरी शनिवार आणि ताट एवढे दोन नियम त्यांनी हातचे जाऊ दिले नाहीत आणि त्यामुळेच आपण कोण आहोत हे त्यांच्या ध्यानात राहिले. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ जण इस्राएल देशी गेले, तरी पुण्यात त्यांची प्रार्थनास्थाने आहेत. कँपातले लाल देऊळ आपण सर्वांनी पाहिले आहे. डेव्हिड ससून यांनी बांधवलेले ते देऊळ १८६७ साली पुरे झाले. ते पाहिले की मला वाटते, यहूदी लोकांना हे नियम देवाने एक खूण म्हणून दिले आणि त्यांनी ती जिवापाड सांभाळली. त्या खुणेला हसणे आपल्याला शोभत नाही.

पण ती खूण आपल्यावर बंधनकारक आहे काय? इथे प्रेषितांची कृत्ये वाचावी. दहाव्या अध्यायात पेत्र यापो गावी शिमोन नावाच्या चांभाराच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांच्या कातड्यात हात घालणाऱ्या माणसाच्या घरी! त्या घराच्या धाब्यावर तो प्रार्थनेला गेला असता त्याला दर्शन झाले. आकाशातून मोठी चादर खाली आली, तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी होते आणि वाणी झाली, की ऊठ, मार आणि खा. पेत्र म्हणाला, मी अशुद्ध असे कधी खाल्ले नाही. तीनदा असे झाले. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि म्हणतात, झाले, सर्व खायला मोकळीक मिळाली! परंतु पुढे वाचा. तेवढ्यात दाराशी कर्नेल्य नावाच्या परराष्ट्रीय शताधिपतीची माणसे आली. पेत्र त्यांच्याबरोबर गेला, त्या घरात शिरला आणि त्याने स्वतःच दर्शनाचा अर्थ सांगितला, की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हे देवाने मला दाखवले. दर्शन चादरीतल्या जनावरांचे, पण शिकवण माणसांविषयीची. माझ्या आजीच्या ओंजळीविषयीची ती शिकवण आहे.

पंधराव्या अध्यायात यरुशलेमात प्रेषितांची सभा भरली. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर मोशेचे सारे नियमशास्त्र लादावे की नाही, हाच प्रश्न होता. लादू नये असे ठरले. मूर्तींना वाहिलेले, रक्त, गळा दाबून मारलेले आणि जारकर्म, एवढ्यांपासून दूर राहा, असे त्यांना कळवले. आणि पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर जणू आमच्या घरातलेच भांडण सोडवले आहे. एक जण सर्व खातो, एक जण भाजीपालाच खातो. एक जण एखादा दिवस मोठा मानतो, दुसरा सर्व दिवस सारखे मानतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असा त्याचा भावार्थ. हा अध्याय मी शंभरदा ऐकला होता. पण खाणारी मी आणि तुच्छ मानणारीही मीच, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले.

म्हणून माझे मत असे झाले आहे. कोळंबी खाल्ल्याने कोणी नाशाला जात नाही आणि न खाल्ल्याने कोणाचे तारण होत नाही. तारण प्रभूच्या कृपेने आहे. हे नियम ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाहीत, असे मी मानते. परंतु जी बहीण देवासाठी म्हणून ते पाळते, तिला पाळू द्यावे. आणि नुसते पाळू द्यावे असे नव्हे, तर तिला ते सुखाने पाळता येईल अशी आपली पंगत मांडावी. माझी मोकळीक तिच्या डोक्यात घालायचा दगड नव्हे.

कोणी म्हणेल, असे नमते घेतले तर उद्या सर्वच नियम डोक्यावर बसतील. मी विचारते, आपल्यापैकी नियम नाही कोणाला? गणपतीत शेजारीण मोदकांचा प्रसाद आणून देते, तेव्हा आपल्या घरोघरी काय होते ते आठवा. कोणी घेते, कोणी घेऊन मोलकरणीला देते, कोणी हात जोडून नको म्हणते. कोळंबीच्या नियमाला हसणारी बाई मोदकापुढे अडखळते! कॅथलिक बहिणी चाळीस दिवसांच्या उपवासात शुक्रवारी मांस खात नाहीत. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशातली प्राचीन मंडळी आजही डुकराचे मांस वर्ज्य मानते आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवसांना मान देते. तीही ख्रिस्ताचीच मंडळी आहे.

आपल्याच महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या. आणि १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यात आणले, तेव्हा तिथल्या हिंदू विधवांना आपापले सोवळे आणि खाण्याचे नियम पाळता यावेत अशी सोय ठेवली. स्वतः ज्या बंधनातून बाहेर आल्या, ते दुसरीवरून ओढून काढले नाही. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे त्यांनी जबरीने सोडवले नाही. लक्ष्मीबाईंच्या मनानेच ते पुढे सोडले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळ जणींनी वाचले आहे. एवढी मोठी माणसे धीर धरू शकली, तर आपल्याला एक कोळंबीभात सोडवत नाही काय?

आता शनिवार-रविवारचे बोलते. आपण रविवार पाळतो, कारण आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रभू कबरेतून उठला आणि पहिल्या शतकापासून विश्वासणारे त्या दिवशी भाकर मोडण्यास जमत. कॉन्स्टंटाईन बादशहाने रविवारच्या विश्रांतीचा हुकूम इ. स. ३२१ मध्ये काढला, पण उपासना त्याआधीपासून होती. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने. सर्वांना सुट्टी मिळाली. मिळाली नाही ती घरातल्या बाईला. खरे सांगा, आठवड्यात आपले सर्वांत जास्त काम कोणत्या दिवशी असते? रविवारी! सकाळी उपासनेची घाई, मग पाहुणे, मग मटण, मग भांडी. आणि चौथ्या आज्ञेत तर स्पष्ट सांगितले आहे, की तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरे, कोणीही काम करू नये. मी आज्ञेचा दिवस बदलला एवढेच नव्हे, आज्ञाच बाजूला ठेवली होती. धाकटीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर माझ्याजवळ नव्हते, ते हे.

हे मला कळले ते सासूबाईंच्या आजारपणात. त्यांना इस्पितळात ठेवले होते. शुक्रवारची रात्र मी जागून काढली होती. शनिवारी काही धाकटी यायची नाही, असे मी धरून चालले होते. सकाळी उपासना आटोपून ती दारात उभी. हातात डबा. म्हणाली, "ताई, तुम्ही घरी जाऊन निजा. आईंजवळ मी बसते." मी म्हटले, "आज तुझा शब्बाथ ना?" ती म्हणाली, "आजाऱ्याची सेवा प्रभूने शब्बाथाला कधी वर्ज्य केली? आणि डबा कालच भरून ठेवला होता, सूर्य मावळायच्या आत." मी डबा उघडला. घडीच्या पोळ्या, बटाट्याची भाजी आणि माझ्यासाठी वेगळ्या पुडीत लसणाची चटणी. वर्षभराने मी तिच्या हातचे खाल्ले, इस्पितळाच्या बाकावर बसून. घास गिळवत नव्हता. मी एवढेच म्हणाले, "त्या नाताळला मी बोलले ते चुकले गं माझे." ती म्हणाली, "मीही दुसऱ्या कुणाचं ताट सारण्याआधी आधी सांगायला हवं होतं, ताई."

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. अजूनही चुली दोनच आहेत, कारण दोघींचे नियम वेगळे आहेत. पण पंगत एक झाली. नाताळला आमच्याकडे पापलेटाची आमटी होते, जी सर्वांना चालते. सोरपोतेल शेजाऱ्यांकडे जाऊन खाणारे खातात. आणि मी तिच्याकडून एक गोष्ट घेतली. रविवारचे जेवण आता मी शनिवारी रात्रीच पुष्कळसे करून ठेवते. रविवारी उपासनेहून आल्यावर भात तेवढा लावते आणि सर्वांच्या बरोबरीने बसते. कामवालीलाही रविवारी बोलावीत नाही. सुरुवातीला घरातली पुरुषमंडळी कुरकुरली, आता त्यांनाही सवय झाली. शनिवार पाळणारीने मला रविवार पाळायला शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

आता मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. एक, यंदापासून वर्धापनदिन शनिवारी न ठेवता रविवारी संध्याकाळी ठेवावा. तयारीची वाटणीही अशी करावी, की शनिवारच्या बहिणींना शुक्रवारच्या दुपारपर्यंतचे काम मिळेल आणि आपणा बाकीच्यांना शनिवारचे. दुसरी, पंगतीच्या मोठ्या पातेल्यात सर्वांना चालेल असेच अन्न शिजवावे. एका दिवसापुरती कोळंबी राहिली तर आपले काही जात नाही. आणि शनिवार पाळणाऱ्या बहिणींनाही माझी हात जोडून विनंती आहे, की आमच्या घरी जे शिजते त्यावरून आम्हांला देवापासून दूर समजू नका. आपल्या आज्या एकेकाळी कोणाच्याच पंगतीत नव्हत्या. आपण सर्व जणी एका पंगतीत आलो ते प्रभूमुळे. ती पंगत मोडणारा नियम मला नको आणि ती मोडणारी मोकळीकही नको.

माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्यावे. माझ्या सूचनांचा विचार करावा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.